बोंबलातले तेल : लिपिडांच्या अभ्यासाला प्रस्तावना

भाईंदरजवळच्या उत्तन, पाली, चौक या गावांत पावसाळा सरला की किनाऱ्यालगत बोंबील वाळायला लागतात. बांबूच्या वलांड्यांवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात आणि जबड्यात जबडा अडकवून दोन-दोन बोंबील त्यांवर टांगलेले असतात. ताजा बोंबील हातात घेतला तर लिबलिबीत, जवळजवळ आरपार दिसणारा. त्याच्या वजनाचा साधारण नऊ-दशांश भाग निव्वळ पाण्याचा असतो. काही उन्हे खाल्ली की त्याची काडी होते. याच्यात तेल नाही म्हणून हा असा खडखडीत वाळतो, असे मासळीच्या धंद्यातले कोणीही सांगेल, आणि व्यवहारापुरते ते खरे आहे. तारलीचे तेलच इतके की तिला बोंबलासारखे नुसते उन्हात टांगून भागत नाही.

पण आगोटीला भरून ठेवलेला सुका बोंबील डबा नीट बंद नसेल तर गणपतीपर्यंत पिवळा पडतो, आणि त्याला खवट वास येतो. खवट होणे हे तेलाचे लक्षण आहे. भात आंबतो, दूध नासते, मांस सडते. खवट होते ते तेल, तूप, शेंगदाणे, खोबरे. मग ज्यात तेल नाही म्हणतात त्या माशात खवटपणा आला कुठून?

तेल असते. जेमतेम एक-दोन टक्के, पण असते. आणि ते साठवणीचे तेल नसते. माशाच्या प्रत्येक पेशीभोवती आणि पेशीच्या आतल्या कप्प्यांभोवती जे पातळ पडदे, म्हणजे पटले, असतात, त्या पडद्यांचे हे द्रव्य. मासा उपाशी राहिला तर साठ्यातले तेल संपेल, पण हे शेवटपर्यंत हटणार नाही, कारण हे गेले तर पेशी पेशी राहणार नाही. लिपिडांच्या अभ्यासात शिरणाऱ्याने तारलीपेक्षा बोंबलापासून सुरुवात करावी असे मला वाटते ते याचसाठी. तारली आपल्याला चरबी दाखवते. बोंबील लिपिड दाखवतो. चरबी साठवणे हे लिपिडांच्या अनेक कामांपैकी एक, आणि माझ्या मते सर्वांत कमी रंजक काम आहे. दुर्दैवाने वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांनी तेवढेच घरोघर पोहोचवले.

या विषयाच्या उंबरठ्यावरच एक अडचण उभी राहते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, डीएनए म्हणजे न्यूक्लिओटाइडांची साखळी, पिष्ट म्हणजे साखरेच्या रेणूंची साखळी, असे एका वाक्यात सांगता येते. लिपिडांचे तसे नाही. जे पाण्यात विरघळत नाही आणि क्लोरोफॉर्म, ईथर यांसारख्या द्रावकांत विरघळते ते लिपिड, एवढीच जुनी व्याख्या. ही व्याख्या कमी आणि पाण्याने घातलेला बहिष्कार जास्त. त्यामुळे एकाच पंगतीत खोबरेल तेल, अंड्याच्या बलकातले लेसिथिन, कोलेस्टेरॉल, गाजराचा केशरी रंग आणि ड जीवनसत्त्व येऊन बसतात, आणि नवा विद्यार्थी गोंधळतो. 2005 साली अमेरिकेतील लिपिड मॅप्स या प्रकल्पातील संशोधकांनी या गर्दीची आठ गटांत मांडणी केली आणि आज जगभर तीच वापरली जाते. ती पाठ करण्याची घाई नको. दोन प्रकारच्या विटा ओळखता आल्या तरी बहुतेक गट आपोआप उलगडतात.

पहिली वीट मेदाम्लाची. कार्बन अणूंची सरळ साखळी, बाजूंना हायड्रोजन, आणि एका टोकाला आम्लाचा गट. पेशी ही साखळी दोन-दोन कार्बन जोडत विणते. म्हणून निसर्गातल्या बहुतेक मेदाम्लांत कार्बनची संख्या सम असते, सोळा, अठरा, वीस. अठरा कार्बनचे स्टिअरिक आम्ल कागदावर काढून पाहा. सरळ, ताठ काठी. अशा काठ्या एकमेकींना खेटून रचल्या जातात आणि 69 अंश सेल्सिअसपर्यंत घन राहतात. आता तेवढ्याच लांबीच्या साखळीत मधोमध एक दुहेरी बंध घाला. हायड्रोजनचे फक्त दोन अणू कमी झाले. पण या बंधाच्या जागी साखळीला कोपरासारखा बाक येतो, शेजारणीला खेटता येत नाही, आणि वितळणबिंदू घसरून 13 अंशांच्या आसपास येतो. हे ओलिइक आम्ल, शेंगदाण्याच्या तेलातले प्रमुख मेदाम्ल. दोन अणूंच्या फरकात छप्पन्न अंशांची घसरण! पटलांविषयी पुढे जे जे येईल त्याचा अर्धा भाग या एका आकड्यात आहे.

खोबरेल तेलाची गंमत यातूनच कळते. त्यात बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचा भरणा. साखळी आखूड, म्हणून लवकर वितळायला हवी. पण बाक नाही, म्हणून सहज गोठते. या ओढाताणीत वितळणबिंदू चोवीस-पंचवीस अंशांवर स्थिरावतो, म्हणजे जानेवारीतल्या भाईंदरच्या पहाटेच्या बरोबर वर. माणसाने हा बाक मुद्दाम काढून टाकण्याचा उद्योगही केला, तो भाईंदरहून तासाभराच्या अंतरावर. 1930च्या दशकात शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तेलांवर हायड्रोजन चढवून तुपासारखा घट्ट पदार्थ बनू लागला आणि 1937 पासून ‘डालडा’ या नावाने देशभर गेला. हायड्रोजन अर्धवट चढला की काही दुहेरी बंध शिल्लक राहतात, पण त्यांची बाजू बदलते आणि साखळी पुन्हा सरळ होते. हेच ते ट्रान्स मेद. रक्तवाहिन्यांना ते अपायकारक असल्याचे स्पष्ट झाल्यावर जानेवारी 2022 पासून भारतात तेला-मेदांतील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्यात आले. एका बंधाच्या दिशेवरून कायदा करावा लागला, असे उदाहरण रसायनशास्त्रात फार मिळत नाही.

बोंबलाच्या पटलांत याच्या उलट टोकाची मेदाम्ले असतात. बावीस कार्बन आणि सहा दुहेरी बंध असलेले डीएचए हे त्यांतले नामवंत. इतके बाक असलेली साखळी थंड पाण्यातही थिजत नाही. पण प्रत्येक दोन बंधांमधला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनला आयता सापडतो. एक साखळी बिघडली की ती शेजारणीला बिघडवते, साखळ्या तुटतात, आणि लहान, उडून जाणारे तुकडे नाकाला जाणवतात. साठ्यातले तेल थेंबांत गोळा होऊन बसलेले असते, पडद्यातले मात्र पातळ पसरलेले. म्हणून टक्का कितीही लहान असो, सुका बोंबील खवट व्हायचे टाळत नाही.

आता हे पडदे कसे बनतात ते पाहू. ग्लिसरॉल हा तीन हातांचा छोटा रेणू. तिन्ही हातांना मेदाम्ले जोडली की ट्रायग्लिसराइड, म्हणजे घरातले तेल-तूप आणि पोटावरची चरबी. एका ग्रॅममागे नऊ कॅलरी, कर्बोदकांच्या दुपटीहून जास्त, आणि सोबत पाण्याचा भार नाही. साठवणीला याहून सोयीचे काही नाही. एवढे बोलून मी ट्रायग्लिसराइडांचा निरोप घेतो.

दोनच हातांना मेदाम्ले आणि तिसऱ्याला फॉस्फेट जोडले की सारे बदलते. फॉस्फेटचे डोके पाण्याकडे ओढ घेते, शेपट्या पाण्यापासून पळतात. 1840च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थिओडोर गोब्ले यांनी अंड्याच्या बलकातून असा पदार्थ काढला, तो लेसिथिन. असे रेणू पाण्यात सोडले की कोणी न सांगता ते शेपट्या आत, डोकी बाहेर अशा दुहेरी थरात लावून घेतात. पेशीभोवतीचा पडदा तो हाच. त्याची जाडी सुमारे पाच नॅनोमीटर. असे वीस हजार पडदे एकावर एक ठेवले तर साध्या कागदाची जाडी भरेल.

हा थर दुहेरी आहे हे कळले ती हकिगत मला फार आवडते. पाण्यावर तेलाचा एकरेणवीय थर पसरून त्याचे क्षेत्रफळ मोजण्याची युक्ती आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात बसवली होती. त्यांना विद्यापीठाचे दार बंद होते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना लिहिलेले त्यांचे पत्र 1891 साली ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढे रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी ती युक्ती पक्की केली. 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी माणूस, कुत्रा, शेळी, ससा वगैरेंच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. या पेशींत आतले कप्पे नसतात, म्हणजे जे लिपिड निघेल ते बाहेरच्या पडद्याचेच. ॲसिटोनने लिपिड काढले, पाण्यावर पसरले, क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. म्हणजे थर दोन. गंमत अशी की त्यांनी लिपिडही पूर्ण काढलेले नव्हते आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना छाटले आणि उत्तर बरोबर आले. विज्ञानात नशीबही लागते, हे विद्यार्थ्यांना कोणी फारसे सांगत नाही.

हा पडदा ताठ नसतो. सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 मध्ये मांडलेल्या चित्रात तो पसरट द्रव आहे आणि त्यात प्रथिने तरंगतात. गर्दीच्या विरार लोकलमध्ये माणूस रेटारेटीत दारापासून आतल्या बाकापर्यंत सरकतो, पण डोके खाली पाय वर करणे त्याला शक्य नसते. लिपिडाचा रेणूही आपल्या थरात सेकंदाला एखादा मायक्रोमीटर सहज सरकतो, पण उलटून पलीकडच्या थरात जायला स्वतःच्या बळावर त्याला कित्येक तास लागतात. म्हणून आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळ्या लिपिडांचे राहू शकतात. पेशी हा फरक ऊर्जा खर्चून सांभाळते. मरणाऱ्या पेशीत तो सुटतो, आतल्या थरातले फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर येते, आणि सफाई करणाऱ्या पेशी तेवढ्या खुणेवर तिला गिळून टाकतात. पडद्यात सगळीकडे सारखीच सरमिसळ असते का, हा मात्र वादाचा प्रश्न. 1998 साली बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) रजत वर्मा आणि सत्यजित मेयर यांनी काही प्रथिने पडद्यावर अतिसूक्ष्म घोळक्यांत राहतात असे ‘नेचर’मध्ये दाखवले. या वादाला पुढे स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

डोक्याची निवड बदलली की लिपिडाचे काम बदलते. मीरा रोडच्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये गरोदर बाईची व्हीडीआरएल चाचणी होते. त्यात रक्तद्रवावर जो थेंब टाकतात, त्यात असते कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल, तिन्ही लिपिडे. यांतले कार्डिओलिपिन हे चार शेपट्यांचे फॉस्फोलिपिड मेरी पँगबॉर्न यांनी 1942 साली बैलाच्या हृदयातून वेगळे केले. ते मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यात असते, आणि हृदयात मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले. सिफिलिस झालेल्या रुग्णाच्या रक्तात या लिपिडाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. रोग एका जंतूचा, आणि ओळख पटते बैलाच्या काळजातल्या लिपिडाने.

ग्लिसरॉलऐवजी स्फिंगोसीन या अठरा कार्बनच्या रेणूवर उभारलेली लिपिडे म्हणजे स्फिंगोलिपिडे. लंडनमध्ये स्थायिक झालेले डॉक्टर थुडिकम यांनी मेंदूचे रसायन उकलताना ती शोधली आणि 1884 च्या ग्रंथात मांडली. समकालीनांनी त्यांची बरीच उपेक्षा केली. या लिपिडांच्या डोक्यावर साखरेचे झुबके चढले की पेशीला ओळख मिळते. ए, बी, ओ हे रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरचे असे झुबके, काही प्रथिनांवर बसलेले, काही लिपिडांवर. ओ गटातही एच नावाचा पायाचा झुबका असतो, असे सगळे धरून चालले होते. 1952 मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण आढळले ज्यांच्या पेशींवर तो एचसुद्धा नव्हता. ‘लॅन्सेट’मध्ये ते टिपण आले आणि जगाच्या रक्तपेढ्यांत ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव रुजले. फ्यूकोज नावाच्या एका साखरेची जोडणी होत नाही, एवढाच दोष. पण अशा माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. त्याला त्याच्याच गटाचा दाता शोधावा लागतो, आणि भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक.

क्षयाच्या जंतूने लिपिडांचा उपयोग कवचासारखा केला. त्याच्या भिंतीत साठ ते नव्वद कार्बनची मायकोलिक आम्ले असतात, इतकी लांब की थुंकीच्या काचपट्टीवर एकदा चढलेला लाल रंग आम्लाने धुतला तरी निघत नाही. लॅबमधला तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ज्या लाल काड्या मोजतो, त्या खरे तर या लिपिडानेच धरून ठेवलेला रंग दाखवतात. आयसोनियाझिड हे औषध मायकोलिक आम्लांचे विणकामच बंद पाडते.

दुसरी वीट पाच कार्बनची, फांदी फुटलेली, आयसोप्रीन. सहा विटा जोडल्या की तीस कार्बनचे स्क्वालीन. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृतातल्या तेलातून मित्सुमारू त्सुजिमोतो या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते विसाव्या शतकाच्या आरंभी काढले. मुशीला पोहण्याची पिशवी नसते, हलके तेल भरलेले प्रचंड यकृत तिला तरायला मदत करते. आपल्या शरीरात हेच स्क्वालीन दुमडून, कड्या जुळवून कोलेस्टेरॉल बनते. कोनराड ब्लॉख आणि फिओडोर ल्यूनेन यांना 1964 चे नोबेल मिळाले ते कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले शरीर कशी घडवते हे उलगडल्याबद्दल. आरोग्याच्या रिपोर्टमध्ये लाल अक्षरांत येणारे कोलेस्टेरॉल पटलात शिरून शेपट्यांची वळवळ आवरते. ते नसते तर आपल्या पेशींचे पडदे भलतेच गळके झाले असते. आठ विटांचे बीटा कॅरोटीन होते, गाजरातले.

आणि चार विटांची साखळी आपल्याला भाईंदरच्या मिठागरांकडे नेते. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के क्षार असतात. मीठ धरायच्या वेळी खाजणातल्या पाण्यात ते पंचवीस टक्क्यांच्या पुढे जातात. जगभरच्या मिठागरांत या टप्प्यावर पाणी गुलाबी-लालसर होऊ शकते. त्यात मीठप्रेमी आर्किया राहतात. गोव्यात रायबंदरच्या मिठागरांतून तिथल्या संशोधकांनी त्या वेगळ्या काढून अभ्यासल्या आहेत. दिसायला त्या जिवाणूंसारख्याच, पण 1977 मध्ये कार्ल वूज यांनी आर्कियांची जीवसृष्टीत वेगळीच शाखा असल्याचे सांगितले, आणि त्यांच्या पटलाने ते आधीच बजावून ठेवले होते. कॅनडात मॉरिस केट्स यांना 1960च्या दशकात दिसले की यांच्या पटलात मेदाम्ले नाहीतच. त्यांच्या जागी चार आयसोप्रीनांची, वीस कार्बनची, ठिकठिकाणी फांद्या असलेली साखळी. ग्लिसरॉलशी तिची जोडणी एस्टरची नव्हे, ईथरची; साबण करताना जसे तेल फुटते तशी ही फुटत नाही. फांद्या एकमेकींत अडकून पडदा घट्ट राहतो, आणि लाल रंग येतो तो पन्नास कार्बनच्या, पटलातच राहणाऱ्या बॅक्टेरिओरुबेरिनने. यांतल्या कित्येक जाती गोड्या पाण्यात टाकल्या तर फुटून जातात.

या मिठागरांलगतच्या खाडीच्या काठाला तिवर उभी असते. मिठाशी तिचा सामना वेगळ्या लिपिडाने. मुळांच्या आतल्या थरांत सुबेरिन नावाचे मेदाम्लांचे जाळे असते. ते पाण्याला वाट देऊन मिठाला बरेचसे बाहेर अडवते, आणि जे तरी आत शिरते ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडते. सकाळी तिवरीच्या पानावर बोट फिरवून चाटले तर खारट लागते. एकाच चिखलात मिठावरची ही दोन उत्तरे, एक दोन-दोन कार्बनच्या विटांचे, एक पाच-पाच कार्बनच्या.

यापुढचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आर्कियांच्या लिपिडात ग्लिसरॉलची ठेवणही आपल्या आरशातल्या प्रतिमेसारखी, डाव्याला उजवी. ती घडवणारी विकरेही दोन्हीकडे वेगळी, एकमेकांशी नाते न सांगणारी. म्हणजे आपल्या आणि त्यांच्या सामाईक पूर्वजाचे पटल कशाचे होते? दोन्ही प्रकारची लिपिडे मिसळली तर पडदा टिकणार नाही, म्हणून वंश वेगळे झाले, असे एक उत्तर होते. पण 2018 मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे ई. कोलाय जिवाणूला आर्कियांची लिपिडे बनवायला लावले, आणि सरमिसळ पटल घेऊन तो व्यवस्थित वाढला. जुने उत्तर कमकुवत झाले, नवे अजून आलेले नाही.

पुढील प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने पटलांपासून सुरुवात केली तरी चालेल. डॉक्टरांना स्फिंगोलिपिडांचे प्रकरण आधी उघडावेसे वाटेल. ज्यांचे रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले, त्यांनी मात्र मेदाम्लांचे प्रकरण टाळू नये, आणि त्यातल्या आकृत्या नुसत्या पाहू नयेत, वहीत काढाव्यात. आधी स्टिअरिक, मग ओलिइक, आणि हात बसला की डीएचए, सहाही बंधांसकट.